एमिल बर्लिनर

एमिल बर्लिनर (२० मे १८५१, हॅनोव्हर – ३ ऑगस्ट १९२९, वॉशिंग्टन) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन संशोधक आणि उद्योजक होते. सपाट तबकडीवर ध्वनी मुद्रित करण्याची आणि एका मूळ तबकडीवरून साच्याच्या साहाय्याने हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. या पद्धतीवर चालणाऱ्या यंत्राला त्यांनी ग्रामोफोन हे नाव दिले. टेलिफोनच्या प्रेषकातही त्यांनी महत्त्वाची सुधारणा केली. त्यांचे पहिले ग्रामोफोन हाताने हँडल फिरवून वाजवावे लागत. अशा यंत्रांचे उत्पादन जेमतेम काही वर्षे झाले, त्यामुळे आज ती जगभरच्या संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत दुर्मीळ मानली जातात.

बालपण आणि स्थलांतर

बर्लिनर यांचा जन्म हॅनोव्हर येथील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सॅम्युएल हे व्यापारी व तालमूद या धर्मग्रंथाचे अभ्यासक होते, तर आई साराह यांना संगीताची आवड होती. तेरा भावंडांच्या या कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताचीच होती. एमिल यांचे शालेय शिक्षण वोल्फेनब्यूटेल येथील शाळेत झाले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ते संपलेही. त्यानंतर त्यांनी छापखान्यात व कापडाच्या दुकानात नोकरी केली. औपचारिक शिक्षण त्यांना पुढे फारसे मिळाले नाही. विज्ञानाचे त्यांचे बहुतेक ज्ञान स्वतः मिळवलेले होते.

१८७० मध्ये एका कौटुंबिक स्नेह्याच्या आधाराने ते अमेरिकेत गेले आणि वॉशिंग्टन येथे त्यांच्या दुकानात काम करू लागले. त्याच वर्षी प्रशिया आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. सक्तीच्या लष्करी भरतीतून सुटका हेही या स्थलांतराचे एक कारण होते. काही वर्षांनी ते न्यूयॉर्कला गेले. तेथे मिळेल ते काम करत असताना कॉन्स्टंटिन फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना बाटल्या धुण्याचे काम मिळाले. याच फालबर्ग यांच्या नावाशी पुढे सॅकरीनचा शोध जोडला गेला. दिवसा हे काम आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमधील वर्ग व वाचनालय, असा त्यांचा क्रम होता. १८७६ मध्ये ते वॉशिंग्टनला परतले.

टेलिफोनमधील कार्य

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनची सर्वत्र चर्चा सुरू झाली. बेल यांच्या यंत्रातून ऐकू चांगले येई, पण बोलण्याचा भाग दुबळा होता. अंतर वाढले की आवाज क्षीण होत असे. दोन विद्युत्‌वाहकांचा एकमेकांना हलकासा स्पर्श असेल, तर त्यांवरील दाब बदलताच विद्युत्‌प्रवाह कमीजास्त होतो, हे बर्लिनर यांच्या लक्षात आले. या तत्त्वावर त्यांनी भाड्याच्या खोलीत एक प्रेषक तयार केला आणि १८७७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. बेल कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले व त्यांना नोकरीही दिली.

या शोधाच्या श्रेयाचा वाद मात्र दीर्घकाळ चालला. थॉमस एडिसन यांनी त्याच सुमारास कार्बनचा प्रेषक तयार केला होता आणि इंग्लंडमध्ये डेव्हिड ह्यूज यांनीही याच दिशेने काम केले होते. बर्लिनर यांचा अर्ज पेटंट कार्यालयात १४ वर्षे पडून राहिला आणि पेटंट १८९१ मध्ये मिळाले. हा विलंब बेल कंपनीच्या मक्तेदारीला सोयीचा असल्याचा आरोप करून अमेरिकन सरकारने पेटंट रद्द करण्यासाठी दावा लावला. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कार्बनच्या सूक्ष्मश्रवकाचे श्रेय आज सामान्यतः या तिघांमध्ये वाटले जाते.

१८८१ मध्ये बर्लिनर अमेरिकेचे नागरिक झाले. त्याच वर्षी कोरा ॲडलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांनी भाऊ जोसेफ यांच्यासह हॅनोव्हरमध्ये टेलिफोनचा कारखाना काढला. बेल कंपनीतील नोकरी सोडल्यावर ते वॉशिंग्टनमध्ये स्थायिक झाले आणि स्वतंत्रपणे संशोधन करू लागले.

ग्रामोफोनचा शोध

ध्वनी साठवून पुन्हा ऐकवणारे पहिले यंत्र एडिसन यांनी १८७७ मध्ये बनवले होते. त्या फोनोग्राफमध्ये कथलाच्या पातळ पत्र्याने मढवलेला दंडगोल हाताने फिरवावा लागे. सुई वरखाली हलत पत्र्यावर खड्डे पाडत असे. १८८६ मध्ये चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी मेणात खाच कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले व आपल्या यंत्राला ग्राफोफोन म्हटले. या दोन्ही पद्धतींत एक मोठी अडचण होती. दंडगोलाची प्रत काढणे अवघड होते. सुरुवातीच्या काळात गायकाला एकच गाणे पुन्हा पुन्हा, समोर मांडलेल्या अनेक यंत्रांपुढे गावे लागे.

बर्लिनर यांनी १८८६ च्या सुमारास या प्रश्नाकडे लक्ष वळवले. त्यांनी आधार घेतला तो आणखी जुन्या प्रयोगाचा. १८५७ मध्ये फ्रान्समध्ये एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हिल यांनी काजळी लावलेल्या कागदावर ध्वनीच्या लहरी रेखाटणारे यंत्र बनवले होते. त्यात सुई वरखाली न हलता डावीउजवीकडे हलत असे. ही नागमोडी रेषा धातूत कोरता आली, तर तिच्यातून ध्वनी परत मिळवता येईल असे बर्लिनर यांना वाटले. फ्रेंच कवी शार्ल क्रो यांनीही अशीच कल्पना १८७७ मध्ये कागदावर मांडली होती, पण ती प्रत्यक्षात आणली नव्हती. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी बर्लिनर यांना ग्रामोफोनचे पहिले अमेरिकन पेटंट मिळाले.

दंडगोल सोडून त्यांनी लवकरच सपाट तबकडी घेतली. जस्ताच्या गुळगुळीत तबकडीवर मधमाश्यांच्या मेणाचा अतिशय पातळ थर दिला जाई. कर्ण्यात बोललेल्या आवाजाने पडदा कंप पावे आणि पडद्याला जोडलेली सुई मेण बाजूला सारत नागमोडी रेषा ओढी. मग तबकडी क्रोमिक आम्लात बुडवत. जेथे मेण निघाले असेल तेथे आम्ल जस्त खाई आणि खाच तयार होई. या मूळ तबकडीवर विद्युत्‌विलेपनाने धातूचा थर चढवून तो सोलून काढला की उलटा साचा मिळे. त्या साच्याने नाणी पाडावीत तशा प्रती दाबून काढता येत.

आम्लाचा मार्ग त्यांनी मुद्दाम निवडला होता. मेणात खाच कोरण्याचे पेटंट बेल आणि टेंटर यांच्याकडे असल्याने तो मार्ग त्यांना बंद होता. या निवडीची किंमत ध्वनीच्या दर्जात मोजावी लागली. आम्ल जस्ताला सर्वत्र सारख्या प्रमाणात खात नाही. खाचेच्या भिंती खडबडीत होत आणि तबकडी वाजताना सतत खरखर ऐकू येई. त्या काळातील मेणाचे दंडगोल याहून मृदू आवाज देत. ग्रामोफोनची खरी बाजू दुसरीच होती. त्याचा आवाज मोठा होता, तबकडी टिकाऊ होती आणि प्रतींना मर्यादा नव्हती. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

हाताने फिरवण्याचे ग्रामोफोन

भारतात जुन्या ग्रामोफोनला सरसकट चावीचा ग्रामोफोन म्हणण्याची पद्धत आहे. येथे एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. नेहमी पाहण्यात येणाऱ्या ग्रामोफोनमध्ये हँडलने आतील स्प्रिंगला चावी दिली जाते आणि नंतर तबकडी आपोआप फिरते. बर्लिनर यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत स्प्रिंगच नव्हती. हँडल फिरत असे तोवरच तबकडी फिरे. गाणे संपेपर्यंत श्रोत्याला हात थांबवता येत नसे.

असे पहिले यंत्र बाजारात आले ते खेळणे म्हणून. १८८९ मध्ये बर्लिनर जर्मनीला गेले असता थुरिंजिया प्रांतातील वाल्टर्सहाउझेन येथील केमर आणि राइनहार्ट या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीने लहान ग्रामोफोन काढण्याची तयारी दाखवली. त्याच्या तबकड्या सुमारे १२.५ सेंटीमीटर व्यासाच्या होत्या आणि त्यांवर बालगीते, प्रार्थना, छोटी गाणी असत. काही तबकड्यांच्या मागे शब्द छापलेला कागद चिकटवलेला असे. आवाज इतका अस्पष्ट होता की शब्द समोर असल्याखेरीज ते कळणे कठीण जाई. सर्वांना पाठ असलेली प्रार्थना निवडण्यामागेही हेच व्यावहारिक कारण असावे.

अमेरिकेत १८९३ मध्ये बर्लिनर यांनी वॉशिंग्टन येथे युनायटेड स्टेट्स ग्रामोफोन कंपनी स्थापन केली. १८९४ पासून सुमारे १७.५ सेंटीमीटर व्यासाच्या, एकाच बाजूला मुद्रित केलेल्या तबकड्या आणि त्या वाजवण्याची हाताने चालणारी यंत्रे विकली जाऊ लागली. तबकडी साधारण दोन मिनिटे वाजे. तिचा वेग मिनिटाला ७० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा लागे. हात मंदावला की गायकाचा स्वर उतरे आणि घाई झाली की चढे. दोन मिनिटे एकसारखा हात चालवणे वाटते तितके सोपे नाही. त्यामुळे हे यंत्र गंभीर संगीतासाठी उपयोगी पडणार नाही, असे व्यापाऱ्यांचे मत होते आणि ते चुकीचे नव्हते.

या साध्या यंत्रात एक मौलिक गोष्ट होती. फोनोग्राफमध्ये सुईला दंडगोलावरून पुढे सरकवण्यासाठी स्वतंत्र स्क्रू लागे. ग्रामोफोनमध्ये तशी रचना नव्हती. खाचेच्या भिंतीच सुईला कंपित करत आणि तबकडीच्या मध्याकडे ओढूनही नेत. यंत्र स्वस्त व सुटसुटीत होण्याचे हे प्रमुख कारण होते. या कल्पनेचे पेटंट बर्लिनर यांना १८९५ मध्ये मिळाले.

तबकड्यांच्या सामग्रीतही बदल झाला. आरंभीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. रबरात कधी कधी फुगे वा सपाट डाग राहत आणि त्या जागी सुई खाच सोडून घसरे. पुढे बटणे बनवणाऱ्या एका कंपनीकडील मिश्रण उपयोगी पडले. त्याचा मुख्य घटक चपडी लाख हा होता. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही लाख प्रामुख्याने छोटा नागपूर व बंगालच्या भागांतून जगभर जात असे. पुढील अर्धशतकात जगात कोठेही तबकडी निघाली, तरी तिच्यात बहुधा भारतीय लाख असे.

स्प्रिंगची मोटर आणि व्यवसायाची वाढ

१८९५ मध्ये फिलाडेल्फियात बर्लिनर ग्रामोफोन कंपनी उभी राहिली. हाताने फिरवण्याची अडचण सोडवली ती न्यूजर्सीतील कॅमडेन येथे यंत्रशाळा चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सन यांनी. त्यांनी १८९६ मध्ये स्वस्त, कमी आवाज करणारी आणि वेग स्थिर राखणारी स्प्रिंगची मोटर तयार केली. ग्रामोफोनचा खप वाढला आणि हाताने चालणारी यंत्रे काही काळातच मागे पडली. अनेक मालकांनी ती मोडीत काढली किंवा मुलांना खेळायला दिली. त्यांच्या आजच्या दुर्मीळपणाचे कारण यातच आहे.

बर्लिनर यांच्याकडे याच काळात फ्रेड गेसबर्ग हा तरुण पियानोवादक काम करत होता. गायक शोधणे, त्यांना कर्ण्यासमोर योग्य अंतरावर उभे करणे आणि साथ करणे ही कामे तो पाही. १८९८ मध्ये लंडनला ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली, तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी त्यालाच तेथे पाठवण्यात आले. त्याच वर्षी हॅनोव्हरमध्ये जोसेफ बर्लिनर यांच्या सहभागाने डॉइच ग्रामोफोन कंपनी सुरू झाली. ती आजही अभिजात संगीताच्या क्षेत्रात कार्यरत आहे.

न्यायालयीन वाद

अमेरिकेतील विक्रीचे हक्क बर्लिनर यांच्या कंपनीने १८९६ मध्ये फ्रँक सीमन या न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यावसायिकाला दिले होते. सीमन यांच्या जाहिरातींमुळे ग्रामोफोन घराघरांत पोहोचला, हे मान्य करावे लागते. परंतु यंत्रांच्या किमती आणि नफ्याची वाटणी यांवरून दोघांत बेबनाव झाला. सीमन यांनी झोनोफोन नावाचे प्रतिस्पर्धी यंत्र काढले. ग्राफोफोनवाल्यांशी तडजोड करताना त्यांनी ग्रामोफोनमुळे त्यांच्या पेटंटाचा भंग होतो, असे मान्यही केले. जून १९०० मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला आणि बर्लिनर यांना अमेरिकेत स्वतःच्याच शोधाची विक्री करता येईनाशी झाली. फिलाडेल्फियातील कंपनी बंद पडली.

जॉन्सन यांच्याकडे या वेळी कारखाना आणि तयार माल दोन्ही होते. मेणात मूळ ध्वनिमुद्रण करण्याची सुधारित पद्धतही त्यांनी गुप्तपणे विकसित केली होती. त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापन केली. बर्लिनर यांची पेटंटे या कंपनीकडे आली आणि त्यांना तिच्यात हिस्सा मिळाला. आर्थिक दृष्ट्या त्यांचे नुकसान झाले नाही, पण उद्योगाची सूत्रे हातातून गेली. ग्रामोफोन हा शब्द कायदेशीर वादात सापडल्यामुळे जॉन्सन यांनी तो वापरणे सोडले. परिणामी अमेरिकेत या यंत्राला फोनोग्राफ हे एडिसन यांचेच नाव रूढ झाले. ब्रिटन, युरोप व भारतात मात्र बर्लिनर यांचा शब्द टिकला.

१९०९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टर कंपनीच्या दाव्यात बर्लिनर यांचे १८९५ चे पेटंट वैध ठरवले. खाचेनेच सुईला पुढे नेण्याची कल्पना नवीन व स्वतंत्र आहे, हे यामुळे मान्य झाले. तोपर्यंत स्वतः बर्लिनर यांचे लक्ष अन्य विषयांकडे वळले होते.

कॅनडातील व्यवसाय त्यांच्याकडेच राहिला. माँट्रियल येथील त्यांच्या कंपनीने कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे प्रसिद्ध चित्र व्यापारचिन्ह म्हणून वापरले. या चिन्हाची अमेरिकेतील नोंदणी बर्लिनर यांच्याच नावाने १९०० मध्ये झाली होती. फ्रान्सिस बॅरॉ यांनी रंगवलेल्या मूळ चित्रात दंडगोलाचा फोनोग्राफ होता. लंडनच्या कंपनीच्या सांगण्यावरून त्यांनी तो रंगाखाली झाकून त्याजागी ग्रामोफोन काढला. चित्रातील त्या ग्रामोफोनला जॉन्सन यांची स्प्रिंगची मोटर आहे, ही गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते.

भारताशी संबंध

बर्लिनर स्वतः भारताच्या ध्वनिमुद्रणाशी प्रत्यक्ष जोडलेले नव्हते, पण त्यांच्या पद्धतीचा भारतात लवकर प्रसार झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान आणि इतर कलावंतांचे गायन मुद्रित केले. मूळ मुद्रणे हॅनोव्हरला पाठवली जात आणि तेथे छापलेल्या तबकड्या जहाजाने भारतात येत. गाणे संपल्यावर गायिका स्वतःचे नाव उच्चारीत असे. भारतीय भाषा न जाणणाऱ्या हॅनोव्हरच्या कारागिरांना तबकडी ओळखता यावी, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रात नाट्यसंगीत नाट्यगृहाबाहेर पोहोचण्यात या तबकड्यांचा मोठा वाटा होता. बालगंधर्वांच्या काळातील गायन आज ऐकता येते ते त्यांच्यामुळेच.

इतर कार्य

१९०० च्या सुमारास आपले मूल पोटाच्या विकाराने गंभीर आजारी पडल्यावर बर्लिनर यांनी दुधाच्या शुद्धतेचा प्रश्न हाती घेतला. न तापवलेल्या दुधामुळे बालमृत्यू होतात, हे पटवून देण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये अनेक वर्षे मोहीम चालवली. त्यासाठी पत्रके छापली आणि मुलांसाठी आरोग्यविषयक पद्यांचे पुस्तकही लिहिले. हे काम त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत उरकले जाते. ते स्वतः मात्र त्याला आपल्या शोधांइतकेच महत्त्व देत.

१९०८ मध्ये त्यांनी आईच्या नावाने स्त्री संशोधकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. हेलिकॉप्टरसाठी हलके, फिरते इंजिन वापरण्याचे प्रयोग त्यांनी केले. त्यांचे पुत्र हेन्री यांनी हे काम पुढे नेले आणि १९२२ मध्ये मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथे हेलिकॉप्टरचे उड्डाण दाखवले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी सभागृहांतील प्रतिध्वनी कमी करणाऱ्या फरशा तयार केल्या. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना १९१३ मध्ये इलियट क्रेसन पदक आणि १९२९ मध्ये फ्रँकलिन पदक दिले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आपला अंत्यविधी साधेपणाने व्हावा, अशी सूचना त्यांनी कुटुंबीयांना लिहून ठेवली होती. त्यांचे दफन शहरातील रॉक क्रीक स्मशानभूमीत करण्यात आले.

यंत्रे आणि तबकड्यांचे जतन

बर्लिनर यांच्या काळातील तबकड्यांवर कागदी लेबल नसे. गाण्याचे व कलावंताचे नाव, आणि अनेकदा ध्वनिमुद्रणाची तारीखही, मूळ तबकडीच्या मध्यभागी हाताने कोरलेली असे. ती अक्षरे प्रतींवर जशीच्या तशी उमटत. या नोंदींमुळे १८९० च्या दशकातील संगीताचा कालक्रम लावणे अभ्यासकांना शक्य झाले आहे.

हाताने चालणारे मूळ यंत्र ओळखण्यासाठी संग्राहक प्रथम त्यात स्प्रिंगची पेटी आहे का ते पाहतात. हँडलची गती पट्ट्याने किंवा चाकाने सरळ तबकडीच्या थाळीपर्यंत जाते का, हेही तपासले जाते. जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन बहुतेक वेळा वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून अलीकडे बनवलेले असतात आणि त्यांचा बर्लिनर यांच्या यंत्रांशी संबंध नसतो. त्यातही खेळण्यातील लहान यंत्रांचे कर्णे कागदाच्या लगद्याचे असत. ते सहज फाटत किंवा ओल लागून खराब होत, म्हणून मूळ कर्ण्यासह सुस्थितीत टिकलेले यंत्र क्वचितच आढळते. मूळ तबकडी नंतरच्या जड ग्रामोफोनवर वाजवल्यास तिची खाच कायमची झिजते. त्यामुळे जाणकार तिची संगणकीय प्रत करून तीच ऐकतात.

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बर्लिनर यांची कागदपत्रे व तबकड्यांचा मोठा संग्रह आहे. माँट्रियलमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय जुन्या आरसीए व्हिक्टर कारखान्याच्या इमारतीत आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था भारतीय तबकड्यांच्या संग्रहाचे व नोंदींचे काम करते. बर्लिनर यांच्या एका जर्मन ध्वनिमुद्रणाची तबकडी उपलब्ध नव्हती, परंतु तिच्या खाचांचे छापील चित्र एका जुन्या जर्मन प्रकाशनात शिल्लक होते. अमेरिकेतील संशोधकांनी त्या चित्राचे संगणकाने वाचन केले आणि कागदावरील रेषांतून १८८९ च्या सुमाराचा आवाज पुन्हा ऐकू येईल असा केला.